पोटाच्या धाकातलं घर

बस डेपोच्या चौकशीच्या खिडकीमागे बाईंना एक खुर्ची दिलेली होती, पण त्या खुर्चीवर बाईंपेक्षा बाईंची पर्सच जास्त बसली. बाई उभ्या. उभ्यानेच उत्तर देणार, उभ्यानेच डबा खाणार, आणि समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत त्याच्या अंगावर उत्तर फेकून मोकळ्या होणार. "चार नंबर फलाट, गाडी लागलीय, पळा." माणूस पळायचा. मागाहून त्याच्या लक्षात यायचं की आपल्याला दुसरंच काहीतरी विचारायचं होतं. तोवर बाईंनी आणखी दोघांना वाटेला लावलेलं असायचं. डेपोत सगळे त्यांना चौकशीबाई म्हणत, आणि ते नाव चालत चालत त्यांच्या गल्लीपर्यंत पोचलं होतं.

त्यांचा एक हट्ट होता, आणि त्यावरून कंट्रोलरशी त्यांचं रोज वाजायचं. गाडी रद्द झाली की कंट्रोलरला ते लगेच जाहीर करायचं नसे. "थांबा हो जरा बाई, लगेच कशाला बोंब ठोकता? दुसरी गाडी मिळतेय का बघतो ना." बाई थांबत नसत. माईक ओढून सांगून टाकत की अमुक गाडी येणार नाही, बसून राहू नका, दुसरी सोय बघा. लोक ओरडायचे, काचेवर थापा मारायचे. "ओरडू देत," बाई म्हणायच्या. "ओरडणारा निदान उठून दुसरीकडे तरी जातो. न सांगता बसवून ठेवलात तर तिथेच कुजतो."

अशा या बाई, पण घरात पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप. कारण घरात पोट होतं.

पोट मिस्त्रींचं. मिस्त्री म्हणजे बाईंचे यजमान. लिफ्टदुरुस्तीचं काम. उंच इमारतींच्या अंधाऱ्या पोकळीत उतरायचं, तारांना वंगण घालायचं, आणि अडकलेल्या माणसांच्या शिव्या खात दार उघडायचं. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती तेव्हाच त्यांच्या बरगड्यांच्या खाली, मधोमध, जळायला लागलं. पोट रिकामं असलं की जाळ. चार घास गेले की शांत. थोड्या वेळाने पुन्हा तेच. गल्लीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी हाताने दाबून बघितलं आणि अल्सर म्हणून सांगितलं. तिखट बंद, जागरण बंद, आणि मुख्य म्हणजे चिडायचं नाही.

आता मिस्त्रींना चिडू नका म्हणून सांगणं म्हणजे पंख्याला फिरू नकोस म्हणून सांगण्यातला प्रकार. हातातून नट निसटून खाली पडला तर त्या नटाच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारा माणूस. तेव्हा घरानेच ठरवलं की ते बदलणार नाहीत, तर त्यांना चिडायला कारणच मिळू द्यायचं नाही. या खात्याच्या प्रमुख म्हणजे मिस्त्रींच्या थोरल्या भगिनी, घरातल्या सगळ्यांच्या आत्या. राहायला वरच्या मजल्यावर, पण मुक्काम कायम खाली. "राग आला की आतून सोलवटतं ते," आत्या सांगायच्या. "माझ्या भावाचं पोट म्हणजे काचेचं भांडं आहे, वहिनी. तडा गेला तर मला विचारायला येऊ नका." भावासाठी त्या वेगळं शिजवत. ते पानात वाढलं की वाफ तेवढी यायची, चव नाही.

घर त्या काचेच्या भांड्याभोवती चवड्यांवर चालायला शिकलं. टीव्हीवर बातम्या लागल्या की आत्या रिमोटवर झडप घालत. छत गळलं तर मिस्त्री कामावर गेल्यावर गवंडी यायचा आणि ते परतायच्या आत ओल्या भिंतीसमोर कपाट सरकायचं. बाई डेपोच्या पायऱ्यांवरून पडल्या, हाताचं हाड चिरलं, तेव्हा घरी सांगितलं की नस आखडलीय. एवढंच कशाला, मिस्त्रींचं लाडकं मांजर मेलं तेव्हा ते पलीकडच्या चाळीत राहायला गेल्याचं सांगण्यात आलं. त्यावर मिस्त्री कितीतरी दिवस त्या चाळीतल्या लोकांवर दात खाऊन होते. म्हणजे राग आलाच, पण तो आत्यांच्या हिशेबी धरला गेला नाही.

आणि खरं सांगायला हवं: बाईंना हे पोट सोयीचंही पडत होतं. एखादी गोष्ट नको असली की "नको, त्यांचं पोट" म्हटलं की काम भागायचं. पोटापुढे कुणाचं काही चालत नसे.

लेकीचंही चाललं नाही. एकुलती एक लेक. मिस्त्री तिला हाक मारत ती "इंजिनीअरसाहेब" म्हणून. स्वतः अर्धं आयुष्य शिडीवर काढलं, तेव्हा लेकीने खुर्चीवर बसावं, टेबलावर नकाशा पसरावा, खालच्यांना हुकूम सोडावेत, एवढीच त्यांची इच्छा. ते ज्या ज्या इमारतीत लिफ्ट दुरुस्त करत तिथल्या रखवालदारापर्यंत सगळ्यांना ते ठाऊक होतं. खरी गोष्ट ठाऊक नव्हती ती मिस्त्रींनाच. लेकीने कॉलेज मधेच सोडलं होतं. आईसारखीच ती, तिला बसवत नसे. वर्गात पाय हलवून हलवून शेजारणींचा जीव खायची. गोदीत मोठ्या क्रेन चालवायचं शिक्षण देतात तिथे तिने नाव घातलं आणि पास झाली. आता दुसऱ्या एका बंदरावर, दिवसभराच्या बसप्रवासाइतक्या लांब, तिला जागा मिळाली होती. गुरुवारी रुजू व्हायचं होतं.

बाईंना सगळं माहीत होतं, अगदी पहिल्यापासून. आणि लेक "बाबांना सांगू का?" म्हणाली की बाईंचं उत्तर तयार असायचं. "आत्ता नको. आज त्यांचं पोट ठीक नाहीये." ते कधीच ठीक नसायचं. बाईंना लेक जायला नको होती. साधी गोष्ट. पण ती त्यांनी लेकीला कधी सांगितली नाही. पोटाला पुढे केलं.

शेवटी रविवारी संध्याकाळी लेकीनेच तुकडा पाडला. मिस्त्री जेवायला बसले होते. चेहरा पांढरट होता, पण तो हल्ली तसाच असायचा. "काय इंजिनीअरसाहेब, परीक्षा कधी?" त्यांनी विचारलं.

"परीक्षा नाहीये, बाबा. मी कॉलेज सोडलंय. गुरुवारी बंदरावर क्रेनच्या कामाला जातेय."

"कसल्या कामाला?"

ती पुन्हा सांगायच्या आत मिस्त्री उठले, मोरीपर्यंत कसेबसे पोचले आणि भडाभडा ओकले. आधी काळं, कॉफीच्या गाळासारखं. मग लाल.

आत्या दारात उभ्या होत्या. "झालं? झालं समाधान?" त्या लेकीवर कडाडल्या. "बापाला खाल्लंस ना!"

हॉस्पिटलच्या बाकावर लेक गुडघे छातीशी घेऊन बसली होती. रडत नव्हती. तिचा पाय हलत नव्हता, आणि ते बाईंना रडण्यापेक्षा वाईट वाटलं. आत मिस्त्रींना रक्ताच्या बाटल्या लावल्या होत्या. बाई बाकापासून दारापर्यंत आणि दारापासून बाकापर्यंत फेऱ्या मारत होत्या.

"आई," लेक म्हणाली, "मी नाही जात. कळवून टाकते त्यांना. कॉलेजात परत घेतात का विचारते."

बाई थबकल्या. नवरा आत मरणाच्या दारात, आणि तरी छातीत काहीतरी टुणकन उडालं. आनंदच तो. दुसरं नाव नाही त्याला. स्वतःचीच लाज वाटून त्या पुन्हा फेऱ्या घालायला लागल्या.

सोमवारी सकाळी घशातून नळी घालून तपासणी झाली. तरुण डॉक्टरने बाईंना एकट्यांनाच आत बोलावलं आणि पडद्यावर चित्र दाखवलं. गुलाबी, ओली भिंत. मधे पांढरट बुडाचा एक खड्डा.

"हे जठर संपून आतडं सुरू होतं तिथलं. इथे व्रण आहे. त्याच्या तळाची रक्तवाहिनी फुटली होती. चिमटा लावून बंद केलीय. आता धोका नाही फारसा."

"रागाने पडला ना हा?"

"कुणाच्या?"

"त्यांच्याच. तापट आहेत. आणि काल घरात जरा बोलणं झालं."

डॉक्टर हसला. "मावशी, रागाने खड्डे पडत असते तर आमच्या मोठ्या सरांच्या पोटाची चाळणी झाली असती." त्याने टेबलावरून प्लास्टिकची एक छोटी पट्टी उचलली. तिच्यावर बोटाच्या नखाएवढा ठिपका होता, गडद गुलाबी. "हा ठिपका मघाशी पिवळा होता. त्यांच्या जठराच्या अस्तराचा कणभर तुकडा यात ठेवला. बघताबघता गुलाबी झाला. म्हणजे आत जिवाणू आहेत."

"जंतू? पोटातल्या आम्लात? तिथे तर सगळं जळून जातं म्हणतात." बाई कॉलेजात शिकलेल्या होत्या, एवढं त्यांना माहीत होतं.

"बाकीचे जळतात. हा हुशार आहे. स्क्रूसारखा पिळाचा असतो, मागे शेपट्या. आपल्या जठरात थोडा युरिया असतो, त्याचा हा अमोनिया करतो."

"बाथरूमला वास येतो तो?"

"तोच. त्याने स्वतःभोवतीचं आम्ल मारतो, आणि तेवढ्या वेळात जठराच्या भिंतीवर जो बुळबुळीत थर असतो त्यात शिरून बसतो. तिथे आम्ल पोचत नाही. मग वर्षानुवर्षं मुक्काम. ठिपक्याचा रंग बदलला तोही त्या अमोनियानेच."

"आणि खड्डा तो खणतो?"

"एकटा नाही खणत. विष सोडतो थोडं, आतल्या पेशी दुखावतात. मग आपलंच शरीर त्याच्यावर फौज पाठवतं. फौजेच्या हाती तो लागत नाही. पण फौज काही माघारी येत नाही, तिथेच तळ ठोकून लढत राहते, आणि त्या धुमश्चक्रीत घर मोडतं ते आपलं. अस्तर सुजतं. वर आम्लाचा नळ नको तेवढा उघडला जातो, ते पुढे आतड्यात उतरतं. भिंत कमजोर आणि आम्ल जास्त. पडला खड्डा."

बाईंचा पाय जमिनीवर वाजायला लागला होता. "आला कुठून हा?"

"बहुतेक लहानपणीच. घरातल्या कुणाच्या तरी उष्ट्यातून, नाहीतर पाण्यातून, हातातून. नक्की कुणी सांगू शकत नाही. कितीतरी लोकांच्या पोटात असतो, आणि बहुतेकांना काहीच करत नाही. काहींना करतो. अंगदुखीच्या गोळ्या घेतात का ते?"

"मी घेऊ देत नाही."

"चांगलं करता. दोन अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करायची एक गोळी, दोन आठवडे, एकही न चुकवता. मग थोड्या दिवसांनी श्वास तपासून बघू गेला का ते. बहुतेक जातो. नाही गेला तर औषध बदलू."

"दोन आठवडे?" बाईंचा आवाज चढला. "दोन आठवड्यांत जाणारी गोष्ट? हे कधीपासून माहितीये तुम्हा लोकांना?"

"मी शाळेत जायला लागलो त्याच्याही आधीपासून," डॉक्टर जरा ओशाळून म्हणाला.

बाईंना त्या म्हाताऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन काचा फोडाव्याशा वाटल्या. ते केव्हाच वारले होते, ही आणखी एक चीड. पण त्यांच्यानंतर दुसऱ्या कुणाला दाखवायचं आपल्याला तरी सुचलं का? नाही सुचलं. रोग ठाऊक होता, कारण ठाऊक होतं, आत्या होत्या.

"आणि काल बोलणं झालं म्हणता ना," डॉक्टर पुढे म्हणाला, "तर रक्त कालचं नाहीये. तीन-चार दिवस त्यांना शौचाला डांबरासारखं काळं होत होतं. म्हणजे वर रक्त झिरपत होतं. त्यांनीच सांगितलं मला. घरात बोलले नाहीत?"

"नाही."

"तुम्ही काळजी कराल म्हणून असेल." तो उठला. "मन अस्वस्थ असलं तर दुखणं जास्त जाणवतं, ते खरं. पण एका वाक्याने रक्तवाहिनी फुटत नाही. काल तुम्ही सगळे गाणी म्हणत बसला असतात तरी त्यांना उलटी व्हायचीच होती."

बाई बाहेर आल्या. लेक उठून उभी राहिली. आत्याही उठल्या.

"काय म्हणाले?"

बाईंनी तोंड उघडलं. सगळं ओठांवर होतं. "अल्सरच आहे," त्या म्हणाल्या. "फुटला होता. आता बंद केलाय." यातला शब्दन् शब्द खरा होता.

"मी म्हटलं नव्हतं!" आत्या म्हणाल्या.

"माझ्यामुळेच ना?" लेकीने विचारलं.

"जा, पाणी पिऊन ये आधी. तोंड सुकलंय तुझं."

लेक पाणी प्यायला गेली नाही. ती कॉरिडॉरच्या टोकाला गेली, आणि तिथून तिने बंदरावर फोन केला. बाईंना शब्द ऐकू आले नाहीत. पाठ दिसत होती, आणि मान हो हो म्हणत हलत होती. थांबवायचं तर तेव्हाच थांबवता आलं असतं. बाई दोन पावलं पुढे गेल्यासुद्धा. मग आठवलं की औषधांची चिठ्ठी दुकानात द्यायची आहे, आणि त्या तरातरा जिना उतरल्या. चिठ्ठीची तशी काही घाई नव्हती.

उरलेला दिवस त्यांनी कामं शोधून काढली. बाटली धुतली, पुन्हा धुतली. मिस्त्रींची चादर ताणली. ते कुरकुरले, "अगं, मला गुंडाळून पार्सल करायचंय का?" घरी जाऊन ओट्याखालचं सगळं बाहेर काढलं आणि परत तसंच आत भरलं. मनात एक वाक्य गोल गोल फिरत होतं. आपण खोटं कुठे बोललो? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं. पोरगी त्या उंच लोखंडी सांगाड्यावर, एवढ्याशा काचेच्या खोलीत, वाऱ्यात. राहू दे इथेच. दोन वर्षं आणखी राहू दे. मग सांगू. आई आहे मी, एवढा हक्क नाही का मला? त्यावर कुणी नाही म्हणत नव्हतं, तरी बाई वाद घालत होत्या.

मंगळवारी डेपोत रजा मिळाली नाही. बाई खिडकीत गेल्या, पर्स उचलून खाली ठेवली आणि खुर्चीवर बसल्या. कंट्रोलरने वाकून बघितलं. "तब्येत बरी आहे ना?"

दुपारच्या सुमाराला एक गाडी रद्द झाली. "थांबा जरा, जाहीर करू नका," कंट्रोलर सवयीने म्हणाला आणि सवयीने कानावर हात ठेवायच्या तयारीत राहिला. बाईंनी माईककडे बघितलं. हात उचलला गेला नाही. मन हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये होतं. लोक येत होते, विचारत होते, बाई उत्तरं देत होत्या, आणि त्या गाडीचं त्यांच्या ध्यानातून पार गेलं.

बऱ्याच वेळाने एक मुलगी खिडकीशी आली. इस्त्रीचे कपडे, खांद्याला पिशवी. "दुपारची गाडी अजून आली नाही हो," ती म्हणाली.

"ती रद्द आहे."

"कधी झाली?"

"झाली मघाशीच."

"तुम्हाला माहीत होतं?" मुलगी ओरडली नाही. काचेवर थापही मारली नाही. "मी समोरच बसले होते. त्या बाकावर. मला दुसऱ्या गाडीने जाता आलं असतं. मुलाखत होती माझी."

"पुढची गाडी..." बाई सुरू झाल्या.

"नको," मुलगी म्हणाली. "आता काय करू तिचं?" आणि पिशवी सावरत निघून गेली.

बाई उठल्या. पर्स घेतली. "कंट्रोलर, खिडकी सांभाळा."

"अहो, ड्युटी आहे तुमची! निघालात कुठे?"

"मेली ती ड्युटी," बाई म्हणाल्या आणि रस्त्याला लागल्या. बसने गेल्या असत्या तर लवकर पोचल्या असत्या, पण बसमध्ये बसावं लागलं असतं.

लेक हॉस्पिटलच्या जिन्यात भेटली. हातात चहाचे ग्लास.

"ठेव ते खाली," बाई म्हणाल्या. आणि सुरुवात कुठून करायची याचा विचार न करता, माईकवर सांगावं तसं सांगून टाकलं. जंतू आहे, पिळाचा. लहानपणापासून असेल. खड्डा कधीचा आहे. रक्त तीन-चार दिवस आधीपासून जात होतं, त्यांनी लपवलं. तुझ्या बोलण्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. दोन आठवड्यांच्या गोळ्या.

लेकीचा चेहरा आधी उजळला. तिने जिन्याच्या कठड्याला पाठ टेकून डोळे मिटले. मग उघडले.

"डॉक्टर कधी म्हणाले हे?"

"काल."

"काल कधी?"

बाईंनी पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"सकाळी. तू आतून बाहेर आलीस तेव्हा. बरोबर ना? आणि मी त्यानंतर फोन केला. तू बघत होतीस मला. मी बघितलं तू बघत होतीस ते."

"हो."

"मी रात्रभर काय विचार करत होते माहितीये तुला? आत्या म्हणाली, खाल्लंस बापाला. तू 'तसं नाही' म्हणाली नाहीस!"

"तू राहशील असं वाटलं मला," बाई म्हणाल्या. "राहावीस असं वाटलं. बस, एवढंच कारण. त्यांच्या पोटाचं नाव नाही घेत आता."

लेकीने ग्लास उचलले. चहा हिंदकळून तिच्या हातावर सांडला, पण ती थांबली नाही. वर गेली, थेट मिस्त्रींच्या खाटेशी, आणि रविवारी अर्धवट राहिलेलं सगळं त्यांना सांगितलं. कॉलेज, गोदी, बंदर, कालचा नकार. मग जंतू. आत्या मधे पडायला धावल्या. "अगं गप्प बस, त्याच्या पोटाला..."

"बाबांच्या पोटात जंतू आहेत, आत्या. ते माझं बोलणं ऐकत नाहीत."

मिस्त्री आधी पांढरे पडले, मग लाल झाले, आणि मग त्यांनी तोंड सोडलं. काय तो आवाज! सगळ्या इमारतींमध्ये सांगत फिरलो, इंजिनीअर म्हणून! घरात सगळ्यांना माहीत आणि एकटा मीच गाढव! नर्स धावत आली. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने पेपर खाली ठेवला. बाई, लेक आणि आत्या तिघी श्वास रोखून एकाच जागी बघत राहिल्या.

"माझ्या पोटाकडे काय बघता?" मिस्त्री गरजले. "तोंडाकडे बघा! बोलतोय मी!"

पोटाला काही झालं नाही. मिस्त्री ओरडून ओरडून दमले, पाणी प्यायले, आणि बहिणीकडे वळले. "ताई, म्हणजे इतकी वर्षं तुझ्या हातचं ते बेचव मी उगाचच गिळलं?"

"उगाच कसं?" आत्या उसळल्या, पण आवाजात जोर नव्हता. "आणि जंतू म्हणे! आमच्या घरात? स्वच्छता बघायला लोक यायचे आमच्याकडे."

मिस्त्रींचं तिकडे लक्ष नव्हतं. ते बायकोकडे बघत होते. "आणि ते मांजर?"

"मेलं," बाई म्हणाल्या.

"वाटलंच होतं." त्यांनी उशी पाठीशी ओढून घेतली. मग लेकीला विचारलं, "केबिनचं दार आतून लागतं का?"

"लागतं."

"तपासून घ्यायचं. लागतं म्हणतात आणि लागत नाही." मग पुन्हा आवाज चढला. "हे मी परवानगी देतोय असं समजू नकोस. मला विचारून जात नाहीयेस तू, हे लक्षात ठेव."

जागा शिल्लक आहे की नाही ते कुणालाच माहीत नव्हतं. फोनवर कुणीतरी म्हणालं, दुसऱ्याला बोलावलंय. आणखी कुणीतरी म्हणालं, येऊन बघा. बुधवारी सकाळी लेक निघाली. बाई बरोबर डेपोपर्यंत गेल्या, बॅग उचलायला म्हणून, तिच्याकडे मोठी बॅग नव्हतीच तरी. फलाट कुठला, गाडी कुठली, ड्रायव्हर कोण, सगळं त्यांच्या जिभेवर होतं. लेक त्यांच्या शेजारून सरळ खिडकीशी गेली आणि आतल्या बदली माणसाला विचारलं, "गाडी कुठे लागते हो?" त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा मागे उभ्या बाईंकडे, आणि मग गुपचूप उत्तर दिलं.

गाडी सुटली तेव्हा तिने हात हलवला नाही. बाईंनी हलवला.

त्यानंतर घरात भांडणं सुरू झाली. इतकी वर्षं साठलेली, राहून गेलेली, एकेक मुद्दा घेऊन केलेली भांडणं. गळणारं छत, हाताचं हाड, लेकीचं कॉलेज. मिस्त्री ओरडत, बाई ओरडत, आत्या वरून खाली येत आणि पुन्हा वर जात. मधेच बाई गोळी पुढे करत, "आधी ही घ्या, मग बोला," आणि मिस्त्री गोळी घेऊन बोलत. जळजळ कमी होत होती. पण बाईंचा घरात पाय ठरत नव्हता. फोन वाजला की हातातलं टाकून धावायच्या, आणि तो कुणा दुसऱ्याचाच निघायचा.

लेकीचा आला तो मिस्त्रींच्या फोनवर. संध्याकाळची वेळ होती. ते खिडकीशी उभे राहून बोलत होते, हं, हं, किती टनाची, हं. बाई त्यांच्या तोंडासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"जागा मिळाली का? विचारा ना."

"मिळालीय. मोठ्या क्रेनवर नाही, धाकट्या. शिकाऊ म्हणून. मोठीचं नंतर बघू म्हणालेत."

"राहायला कुठे आहे? जेवते का वेळेवर?"

मिस्त्रींनी विचारलं, ऐकलं, आणि बायकोकडे बघितलं. "आईला सांगू नका म्हणते."

बाईंनी मान हलवली. पदराला हात पुसले. हात कोरडेच होते.

"लपवाछपवी बास झाली आता या घरात," मिस्त्री फोनमध्ये म्हणाले, लेकीला की बायकोला कोण जाणे, आणि त्यांनी फोन बाईंच्या हातात दिला.

बाईंनी तो कानाला लावला. पलीकडून वारा ऐकू येत होता, आणि लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज. लेकीने फोन ठेवलेला नव्हता. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देणाऱ्या बाईंना पहिला शब्द सापडेना.

"मी बोलतेय," शेवटी त्या म्हणाल्या.

"माहितीये," लेक म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "बोल."